पातं का गळतं? अर्थात कपाशीच्या घरातला 'आबा'

तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार

"आगं, एवढी शिकायलीस, मंग सांग बरं मला, ही पाती कामून गळायलीत?"

आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, हा प्रश्न मला विचारला तो ऑगस्ट २०२३ मध्ये, तलवाड्याला, आमच्या कपाशीच्या रानात उभं राहून. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं त्वरिता देवीचं तलवाडा ते हेच. माझी बारावी झाली होती, इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे राऊंड चालू होते आणि मी गावी मोकळीच होते. शाळा सगळी शहरातल्या कॉन्व्हेंटमध्ये झालेली. 'फोटोसिंथेसिस'ची व्याख्या मी झोपेतही सांगितली असती, पण 'पातं' म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं! आबांनीच दाखवलं. कपाशीला फूल उमलायच्या आधी जी तीन पाकळ्यांसारख्या हिरव्या पानांत गुंडाळलेली त्रिकोणी कळी येते ती पातं. पात्याचं फूल होतं, फुलाचं बोंड, आणि बोंडाचा कापूस. म्हणजे गळालेलं प्रत्येक पातं हे न आलेलं एक बोंड. आणि त्या दिवशी सऱ्यांमध्ये पात्यांचा नुसता सडा पडला होता.

तो ऑगस्ट आठवतो का? १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट म्हणून त्याची नोंद झाली. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा. दुपारी झाडं माना टाकायची, रात्री जराशी सावरायची. तात्या, म्हणजे माझे काका, दुकानातून उधारीवर तीन बाटल्या घेऊन आले. 'गळ थांबते' एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं. एका बाटलीवर औषधाचं नाव होतं, बाकी दोन्हींवर नुसतंच 'टॉनिक'. भर दुपारी फवारणी झाली. पाती गळायची ती गळालीच. पुढे पाऊस आला, नवी पाती लागली, आणि बाटल्यांची उधारी मात्र दिवाळीपर्यंत राहिली.

मी आबांना उत्तर देऊ शकले नाही. "पाणी नाही म्हणून," एवढंच म्हणाले. आबा हसले. "ते तर मला बी कळतंय. पर पाणी न्हाई हे झाडाला कसं कळतं? आन पानं ठेवून पातीच कामून टाकतंय?"

मित्रहो, प्रश्न किती नेमका आहे बघा! आपल्या भाषेत सांगायचं तर सेन्सर कुठे आहे आणि कंट्रोल लॉजिक काय आहे, हेच आबा विचारत होते. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या एका मैत्रिणीकडून पुस्तकं आणून, सबमिशनच्या मधून वेळ काढून जे काही समजलं ते इथे मांडते आहे. हॉस्टेलमध्ये आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी कपाशी आहे, म्हणून हा लेख.

बोंडातूनच निघालेला 'आबा'

झाडाला नसा नाहीत, मेंदू नाही. एका भागाची खबर दुसऱ्या भागाला पोचते ती बऱ्याच अंशी रसायनांमधून. अत्यंत कमी प्रमाणात बनणारी आणि तरीही मोठा परिणाम करणारी ही रसायनं म्हणजे वनस्पतींची हार्मोन्स, मराठीत संप्रेरकं. त्यांपैकी ताणाच्या काळातलं सगळ्यात महत्त्वाचं हार्मोन म्हणजे ॲब्सिसिक ॲसिड. त्याची इंग्रजी आद्याक्षरं ए, बी, ए. सरळ वाचलं तर चक्क 'आबा'! (लेखात घोटाळा नको म्हणून आमचे आबा ते आबा, आणि हार्मोन तो अवतरणचिन्हातला 'आबा'.)

गंमत म्हणजे हा 'आबा' पहिल्यांदा सापडला तो कपाशीतच. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी नेमका आमच्या आबांचाच प्रश्न सोडवत होते, की कपाशीची बोंडं का गळतात? १९६३ मध्ये त्यांनी ढीगभर कोवळ्या बोंडांतून काही मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य वेगळं केलं. इंग्रजीत अवयव गळून पडण्याला 'ॲब्सिशन' म्हणतात, म्हणून नाव ठेवलं 'ॲब्सिसिन-२'. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये फिलिप वेअरिंग यांचा गट झाडांच्या सुप्तावस्थेवर काम करत होता. त्यांना मिळालेलं द्रव्य आणि हे द्रव्य एकच निघालं, आणि १९६७ मध्ये ॲब्सिसिक ॲसिड हे नाव पक्कं झालं.

पण नाव चुकलं! पुढच्या संशोधनात कळलं की बहुतेक झाडांत पानं-फळं पाडण्याचं मुख्य काम 'आबा' करतच नाही. त्याचं खरं काम १९६९ मध्ये उजेडात आलं. गव्हाची पानं सुकवली तर काही तासांतच त्यांच्यातलं ॲब्सिसिक ॲसिड कित्येक पटींनी वाढतं, असं इंग्लंडमध्ये दिसलं. म्हणजे हा आहे दुष्काळाची वर्दी देणारा. मग पातं पाडतो कोण? तिकडे येऊच. आधी 'आबा' काय करतो ते बघू.

दार कोण लावतं?

पानाच्या पृष्ठभागावर, विशेषतः खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. या दारांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच दारांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं जवळजवळ ९७ टक्के पाणी असं वाफ होऊन जातं. म्हणजे साखर बनवायची तर दार उघडं ठेवावं लागतं, आणि दार उघडं ठेवलं की पाणी जातं. अडचण कळली ना?

प्रत्येक दाराला दोन रक्षक पेशी असतात, समोरासमोर ठेवलेल्या दोन फुग्यांसारख्या. त्यांच्यात पोटॅशियमचे आयन भरले की पाठोपाठ पाणी शिरतं, फुगे ताठ होऊन बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधे फट पडते. आयन बाहेर गेले की पाणी जातं, फुगे ढिले पडतात, दार बंद. मोटर नाही, स्प्रिंग नाही. आहे फक्त आयन आणि पाण्याचा दाब. याला हायड्रॉलिक व्हॉल्व्हच म्हणा ना!

हे दार बंद करायचा हुकूम 'आबा' देतो. जमीन कोरडी होऊ लागली की झाडात त्याचं प्रमाण वाढतं. पूर्वी समजूत अशी होती की मुळं तो बनवतात आणि वर पाठवतात. आता चित्र थोडं बदललं आहे. पानंसुद्धा तो स्वतः बनवतात, आणि २०१८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की कोरड्या जमिनीतली मुळं एक छोटंसं पेप्टाइड वर पाठवतात. ते पानात पोचलं की पान 'आबा' बनवायला लागतं. म्हणजे मुळाकडून मिस कॉल जातो, आणि पुढचं पान बघून घेतं. आबांच्या पहिल्या प्रश्नाचं, 'झाडाला कसं कळतं' याचं, हे अर्धं उत्तर.

सेन्सर सापडत का नव्हता?

उरलेलं अर्धं उत्तर जास्त रंजक आहे. हार्मोन म्हणजे फक्त निरोप. निरोप वाचणारा हवा. पेशीत 'आबा'ला ओळखणारं प्रोटीन, म्हणजे रिसेप्टर, कोणतं? हार्मोन १९६३ मध्ये सापडलं, पण रिसेप्टर सापडायला २००९ उजाडलं. तब्बल ४६ वर्षं! मधल्या काळात 'सापडला, सापडला' अशा आरोळ्याही झाल्या. २००६ मध्ये एका नामवंत नियतकालिकात छापून आलेला असाच एक दावा २००८ मध्ये मागे घ्यावा लागला.

इतका वेळ का लागला? शोधायची नेहमीची पद्धत अशी, की झाडाची एकेक जीन बिघडवायची आणि कोणत्या बिघाडानंतर झाड हार्मोनला दाद देत नाही ते बघायचं. आपण सर्किटमध्ये एकेक कॉम्पोनंट काढून फॉल्ट शोधतो तसंच. पण इथे एक काढला तरी सर्किट चालूच राहायचं! कारण नंतर कळलं. प्रयोगशाळेत वापरतात त्या अरॅबिडोप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडात या रिसेप्टरचे एक नाही, दोन नाही, चौदा भाऊ आहेत. कपाशीत तर याहून जास्त. एक गेला तर दुसरा काम उचलतो. ज्याला आपण रिडंडन्सी म्हणतो आणि विमानापासून टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत मुद्दाम ठेवतो, तीच निसर्गाने ठेवली होती, आणि तिनेच शास्त्रज्ञांना चकवलं.

कोडं सोडवलं ते दोन गटांनी, दोन वेगळ्या वाटांनी. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड इथे शॉन कटलर यांनी 'पायराबॅक्टिन' नावाचं एक कृत्रिम रसायन वापरलं. ते 'आबा'सारखंच बियांची उगवण थांबवतं, पण चौदा भावांपैकी मुख्यतः एकालाच चिकटतं. त्यामुळे तो एक बिघडला की परिणाम लगेच दिसला. जर्मनीत म्युनिकला एर्विन ग्रिल यांच्या गटाने 'आबा'च्या साखळीत आधीपासून माहीत असलेल्या एका प्रोटीनला हात धरून कोण येतं ते शोधलं. दोघेही एकाच प्रोटीन-कुटुंबापाशी पोचले आणि मे २००९ मध्ये दोघांचेही निबंध प्रसिद्ध झाले. मला यातून मिळालेला धडा असा: जिथे बॅकअप असतो तिथे एकेक वायर काढून फॉल्ट सापडत नाही. लॅबमध्ये प्रोजेक्ट बंद पडला की जरूर आठवा.

दोन नॉट गेट

आता खरं सर्किट. यात तीन पात्रं आहेत. पहिला रिसेप्टर. दुसरा पीपी-टू-सी नावाचा एन्झाइम, याला आपण 'ब्रेक' म्हणू. तिसरा स्नर्क-२ नावाचा एन्झाइम, हा 'कामगार'.

एरवी, म्हणजे पाणी भरपूर असताना, ब्रेक कामगाराला दाबून बसलेला असतो. कामगार चालू व्हायला त्याच्यावर फॉस्फेटचा गट लागतो, आणि ब्रेक तो गट सारखा काढून टाकतो. कामगार बंद, म्हणून दार उघडं.

दुष्काळात 'आबा' येतो. रिसेप्टरच्या अंगात एक खिसा आहे, 'आबा' त्यात जाऊन बसतो. खिशावर एक झाकण आहे, ते लगेच मिटतं. मिटलेल्या झाकणामुळे रिसेप्टरचा बाहेरचा आकार असा बदलतो की तो ब्रेकच्या तोंडात अगदी घट्ट बसतो, आणि ब्रेकचं तोंडच बंद होतं. ब्रेक निकामी झाल्यावर कामगार मोकळा! तो रक्षक पेशीच्या पडद्यातल्या स्लॅक-१ नावाच्या चॅनेलवर फॉस्फेट चिकटवतो. चॅनेल उघडतो, क्लोराइडसारखे ऋण आयन बाहेर धावतात, पडद्याचं व्होल्टेज बदलतं, त्यामुळे पोटॅशियमही बाहेर पडतं, मागोमाग पाणी, आणि दार बंद. हे सगळं काही मिनिटांत! आमच्या गावच्या देवीचं नाव त्वरिता, त्याला शोभेल असाच वेग.

डिजिटलवाल्यांच्या लक्षात आलं असेलच. 'आबा' ब्रेकला बंद करतो, हे एक नॉट गेट. ब्रेक कामगाराला बंद करतो, हे दुसरं नॉट गेट. दोन नॉट गेट सिरीजमध्ये म्हणजे बफर. इनपुट एक तर आउटपुट एक. मग सरळ वायरच का नाही लावली? व्हायवात हाच प्रश्न असतो आणि उत्तरही तेच आहे. बफर सिग्नलला ताकद देतो. मोकळा झालेला एक कामगार एकामागून एक कितीतरी प्रोटीनांवर फॉस्फेट चिकटवू शकतो, म्हणजे छोट्या निरोपाचं मोठं काम होतं. शिवाय सगळे भाग आधीच तयार ठेवलेले असतात. गाडी सुरूच आहे, फक्त ब्रेक सोडायचा. पाऊस आला की दुसरे एन्झाइम 'आबा'ला मोडून टाकतात, रिसेप्टरचा खिसा रिकामा होतो आणि ब्रेक परत बसतो. रिसेट!

मग पातं कोण पाडतं?

दार बंद केल्यावर पाणी वाचलं खरं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येईना. साखर बनणं कमी झालं. म्हणजे घरातली कमाई थांबली आणि खाणारी तोंडं तेवढीच राहिली. पाती, फुलं, बोंडं ही सगळी खाणारी तोंडं. पानं कमावती. म्हणून झाड कमावत्याला जमेल तितकं धरून ठेवतं आणि सगळ्यात लहान, ज्याच्यावर अजून फार खर्च झालेला नाही, त्याला सोडतं. मोठं झालेलं बोंड सहसा गळत नाही, गळतं ते पातं किंवा फुलानंतरचं कोवळं बोंड. सतत ढगाळ हवा राहिली तरी पातेगळ होते, त्याचंही कारण हेच. ऊन नाही तर कमाई नाही. आणि हेही लक्षात ठेवा, की चांगल्या वर्षीसुद्धा कपाशी आपली निम्म्याहून जास्त पाती आणि बोंडं गाळते. ती लावतेच जास्त, आणि मग जमेल तेवढी ठेवते.

प्रत्यक्ष तोडायचं काम देठाच्या बुडाशी असलेल्या लहान पेशींच्या एका पातळ थरात होतं. तिथे दोन हार्मोन्सची ओढाताण चालते. निरोगी, वाढणारं पातं सतत ऑक्सिन नावाचं हार्मोन देठातून खाली पाठवत असतं. तो त्याचा 'मी आहे, मी आहे' असा हजेरीचा निरोप. हजेरी येते तोवर थर घट्ट राहतो. साखर मिळेना, वाढ थांबली, की हजेरी मंदावते. मग थराला इथिलीन या दुसऱ्या, वायुरूप हार्मोनचा हुकूम ऐकू येऊ लागतो. पेशींना जोडणारा लगदा विरघळवणारे एन्झाइम तयार होतात आणि पातं टपकन खाली.

आणि या दोन्ही हार्मोन्सचं लॉजिक बघा. १९९३ मध्ये सापडलेला इथिलीनचा रिसेप्टर हा इथिलीन नसताना ब्रेक दाबून धरतो, इथिलीन आलं की सोडतो. २००५ मध्ये सापडलेला ऑक्सिनचा रिसेप्टर ऑक्सिन आल्यावर जीन दाबून ठेवणाऱ्या प्रोटीनला पकडून मोडीत काढतो. म्हणजे तिन्ही ठिकाणी हुकूम एकच, ब्रेक काढा! मला वाटायचं हार्मोन म्हणजे शक्तिवर्धक काहीतरी असणार. प्रत्यक्षात तो फक्त आधीच तयार असलेल्या गोष्टीवरचा ब्रेक काढतो. गाडीत पेट्रोलच नसेल तर ब्रेक काढून काय होणार? दुकानातल्या 'टॉनिक' या शब्दाची सगळी गडबड इथेच आहे.

झाकणाचं गणित

यंदा, म्हणजे २०२५ च्या जुलैत गावी गेले तेव्हा २०२३ ची ती नाव असलेली बाटली गोठ्यातल्या फळीवर तशीच होती. वाचली. नॅप्थॅलिन ॲसिटिक ॲसिड, ४.५ टक्के. म्हणजे कृत्रिम ऑक्सिन. पात्याची हजेरी मंदावली तर बाहेरून खोटी हजेरी लावायची, असा या फवारणीमागचा विचार. विचार चुकीचा नाही, कपाशीसाठी या औषधाची शिफारस आहेच. पण किती?

मी तात्यांना विचारलं, "तेव्हा पंपाला किती टाकलं होतं?" तात्या म्हणाले, "एक झाकण सांगितलं होतं. गळ लई होती म्हणून दोन टाकली."

आजीच्या खोकल्याच्या औषधाचं माप घेऊन झाकण मोजलं. १५ मिली. आता गणित करू, अगदी पहिल्या वर्षाचं. ४.५ टक्के म्हणजे १ मिलीत ४५ मिलिग्रॅम. दोन झाकणं म्हणजे ३० मिली, म्हणजे १३५० मिलिग्रॅम. पंप १५ लिटरचा. १३५० भागिले १५, बरोबर ९० मिलिग्रॅम दर लिटरला, म्हणजे ९० पीपीएम. बाटलीवर लिहिलेली मात्रा होती १० पीपीएमच्या आसपासची. त्यासाठी १५ लिटरच्या पंपाला साडेतीन मिलीसुद्धा पुरलं असतं. म्हणजे आम्ही नऊपट टाकलं होतं!

आणि जास्त ऑक्सिनचा परिणाम जास्त चांगला होतो असं नाही. प्रमाणाबाहेर गेलं की ऑक्सिन झाडाला उलट इथिलीनच बनवायला लावतं. हेच औषध सफरचंदाच्या बागांमध्ये कोवळी फळं पाडून विरळणी करायला वापरतात! २०२३ ची आमची गळ त्या दोन झाकणांमुळेच झाली असं मी म्हणणार नाही, गळ आधीच चालू होती. पण भेगाळलेल्या रानात, दुपारी बाराला, माना टाकलेल्या झाडांवर नऊपट निरोप फवारून आम्ही झाडाची मदत केली नाही, एवढं नक्की.

याच कुळातलं आणखी एक उदाहरण सांगते. टू-फोर-डी हे तणनाशकही कृत्रिम ऑक्सिनच आहे, आणि कपाशी त्याला अतिशय नाजूक. उसात किंवा ज्वारीत ते मारलं आणि तोच पंप नीट न धुता कपाशीला वापरला, किंवा वाऱ्याने फवारा शेजारच्या रानात गेला, तर कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरलेली, अरुंद होतात. लोक म्हणतात व्हायरस आला, आणि व्हायरसचं म्हणून पुन्हा औषध मारतात. रोग नसतोच. झाडाने चुकीचा निरोप इमानदारीने वाचलेला असतो.

तुम्ही विचाराल, मग 'आबा'च फवारला तर? तशीही खटपट चालू आहे. २०१९ मध्ये कटलर यांच्याच प्रयोगशाळेने 'ओपाबॅक्टिन' नावाचा रेणू प्रसिद्ध केला. तो त्याच रिसेप्टरच्या खिशात बसतो आणि 'आबा'पेक्षाही जोरात काम करतो. पण दार बंद केलं की कमाईही बंद, हे तिथेही सुटलेलं नाही. पाणी वाचवणं आणि पाती टिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाणी जास्त झालं तरी तेच

या वर्षी मी तात्यांना एकच विनंती केली. फवारायचं तर मोजून, जमिनीत ओल असताना, सकाळी किंवा संध्याकाळी. आणि चार ओळी बिनफवारणीच्या सोडा. काठीला लाल चिंधी बांधून ओळी सोडल्या. पाती मोजायचं काम आठवीतल्या चुलतभावाकडे. वहीत रेघा मारून तो रोज हिशोब ठेवायचा. एवढंही केलं नाही तर फवारणीने गळ थांबली की पावसाने, हे कळणार कसं? कंट्रोल नसलेला प्रयोग म्हणजे ग्राउंड न जोडता घेतलेलं रीडिंग.

पण सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. बीड जिल्ह्यातही शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला पाणी साचून राहिलं, आणि चिंधीच्या ओळी नेमक्या त्याच अंगाला होत्या. भरल्या पाण्यात उभ्या असलेल्या कपाशीने माना टाकल्या! आबा म्हणाले, "आता पाणी हाय तर मंग कामून सुकायलीस बाई?"

याचंही उत्तर हार्मोनमध्ये आहे. साचलेल्या पाण्यात मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. इथिलीनचा कच्चा माल मुळांत बनतो, पण शेवटच्या पायरीला ऑक्सिजन लागतो. म्हणून तो कच्चा माल वर पानांकडे जातो, तिथे त्याचं इथिलीन होतं, पानं खाली झुकतात, गळ सुरू होते. गुदमरलेली मुळं पाणीही नीट ओढत नाहीत. कोरड्या खंडानंतर अचानक मोठा पाऊस झाला की कपाशीत जी 'आकस्मिक मर' दिसते ती अशी. तिच्यावर बुरशीनाशक मारून उपयोग नसतो, कारण बुरशी नसतेच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सल्ल्यात लवकरात लवकर पाण्याचा निचरा करणं आणि अगदी सौम्य, १० पीपीएम कोबाल्ट क्लोराइड फवारणं येतं. कोबाल्ट का? तर इथिलीन बनवणारी ती शेवटची पायरीच तो अडवतो. पण हे काही तासांतलं काम आहे. आमचं पाणी आठवडाभर हटलं नाही. चुलतभावाची वही अर्धीच राहिली. पुढच्या वर्षी ओळी वरच्या अंगाला सोडायच्या, असं त्याने स्वतःच ठरवलंय.

आबांना काय सांगितलं

दिवाळीला गेले तेव्हा ओट्यावर बसून आबांना सगळं सांगितलं. रिसेप्टर वगैरे नाही. म्हटलं, "आबा, पाणी तुटलं की मुळी पानाला सांगावा धाडते. पान दार लावून घेतं. दार लावलं की भाकरी भाजणं थांबतं. मग झाड सगळ्यात धाकट्याला सोडतं, मोठ्याला धरतं. ते सुकून पडत नाही, ते ठरवून टाकतं."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाहत्तरला आम्ही बी बैलं इकली आन गाय ठिवली. तुझा बाप दुधावर व्हता म्हणून." आणि थोड्या वेळाने, "लोक म्हणले, बैलाबिगर शेती कशी करचाल? म्हणलं, आधी जगू तर द्या."

१९७२ च्या दुष्काळाचा धडा आम्हाला शाळेत होता. आमच्या घरातला हा हिशोब मात्र मला विसाव्या वर्षी कळला, तोही कपाशीच्या निमित्ताने.

तर मित्रहो, परीक्षा संपल्या की घरी जालच. तेव्हा चार गोष्टी करून बघा. फळीवरच्या बाटल्यांवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा, आपलं इंग्रजी त्यासाठीच आहे. ज्या बाटलीवर आत काय आहे हेच लिहिलेलं नाही, तिला उधारी करू देऊ नका. झाकण एकदा मोजून त्यावर पेनने आकडा लिहा. आणि फवारणी करायचीच तर चार ओळी सोडा. पावसाच्या खंडात पहिली मदत म्हणजे कोळपणी करून भेगा बुजवणं आणि शक्य असेल तर एक संरक्षित पाणी. खंडात पोटॅशियम नायट्रेटची एक टक्का फवारणी सांगतात, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम. तो पोटॅशियम पर्णरंध्रांच्या दारात काय करतो, हे आता तुम्हाला ठाऊक आहेच.

पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा खंड पडला तर पाती पुन्हा गळतील. ती सगळी वाचवणारं औषध कुणाकडेच नाही. पण तात्यांची एखादी उधारी वाचवता आली तरी मी समजेन की दोन वर्षांनी का होईना, आबांचा व्हायवा पास झाले.